कोल्ड स्प्रिंग हार्बरचा वंशावळ-वर्ग

चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री आणि काळे भरलेले चिन्ह म्हणजे अभ्यासाचे लक्षण असलेली व्यक्ती, अशा संकेतांनी काढलेला वंशावळीचा तक्ता आज जीवशास्त्राच्या वर्गात सर्रास आढळतो. परंतु तो काढण्याचे पद्धतशीर शिक्षण ज्या आरंभीच्या संस्थांनी दिले त्यांत न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील ‘युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस’ हे एक प्रमुख नाव आहे. निवडक विवाहांद्वारे मानववंश सुधारता येतो असा दावा करणाऱ्या सुप्रजाशास्त्राच्या प्रसारासाठी चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१० मध्ये, मेरी हॅरिमन यांच्या आर्थिक साहाय्याने, हे कार्यालय उभारले.

तक्त्याची उपयुक्तता तोपर्यंत सिद्ध झाली होती. विल्यम फॅराबी यांनी १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका घराण्याच्या पाच पिढ्या तपासून आखूड बोटांचे लक्षण प्रभावी असल्याचे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले जनुकही ते प्रकट करण्यास पुरेसे असल्याचे दाखवले होते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो: आपल्याकडील परंपरागत वंशावळ बहुधा पित्याकडून पुत्राकडे उतरते आणि लेकींना वगळते, तर हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा विकार बहुधा स्वतः निरोगी असलेल्या मातांकडून मुलांकडे जात असल्याने लेकींवाचून त्याचा माग लागूच शकत नाही.

कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या उन्हाळी वर्गांतून १९२४ पर्यंत अडीचशेच्या आसपास क्षेत्रकार्यकर्ते तयार झाले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. प्रत्येक लक्षणाला सांकेतिक अंक देणारी ‘ट्रेट बुक’ ही पुस्तिका त्यांच्या हाती असे. मनोरुग्णालयांत आणि घरोघरी जाऊन नातलगांना, प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही, प्रश्न विचारून हे कार्यकर्ते वंशावळी जुळवीत. बोटांची लांबी डोळ्यांना दिसते. पण मृत आजोबा ‘मंदबुद्धी’ होते की नाही हे केवळ सांगोवांगीने ठरे, आणि एकदा चौकोन काळा भरला की ऐकीव माहिती व प्रत्यक्ष निरीक्षण यांतील फरक कागदावर उरत नसे. याच रीतीने डेव्हनपोर्ट यांनी १९१९ च्या आपल्या ग्रंथात नौदल अधिकाऱ्यांच्या समुद्राच्या ओढीला ‘थॅलॅसोफिलिया’ असे नाव देऊन ती लिंगसंलग्न अप्रभावी, म्हणजे हिमोफिलियाप्रमाणे मातांकडून मुलग्यांकडे उतरणाऱ्या, जनुकामुळे येते असे प्रतिपादले. नौदलातील अधिकारपदे स्त्रियांना बंद होती, ही साधी गोष्ट त्यांनी विचारात घेतली नाही.

तरीही ही पद्धत सर्वस्वी निष्फळ ठरली असे म्हणता येत नाही. याच कार्यालयासाठी डॉ. एलिझाबेथ मन्सी यांनी हंटिंग्टन या मज्जाविकाराची शेकडो प्रकरणे गोळा केली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली; तो विकार प्रभावी असल्याचे आजही मान्य आहे. दुसरीकडे, ‘सदोष’ ठरवलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीच्या समर्थनार्थही वंशावळीच पुढे केल्या गेल्या.

कार्यालय १९३९ मध्ये बंद झाले, पण आनुवंशिकतेचे सोपे उदाहरण शोधण्याची वर्गातील ओढ टिकली. आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांनी १९४० मध्ये जीभ दुमडण्याची क्षमता साध्या प्रभावी जनुकामुळे येत असावी असे सुचवले. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला जीभ दुमडता येते व दुसऱ्याला येत नाही अशा जोड्या आढळल्या, आणि पुढे स्वतः स्टर्टव्हंट यांनीही ते उदाहरण मागे घेतले. पाठ्यपुस्तकांतून मात्र ते पुढच्या पिढ्यांकडे जातच राहिले.