औषध, कायदा आणि लज्जा

जुहूच्या रस्त्यावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें एक आवार आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं 1916 सालीं स्थापिलेल्या या विद्यापीठाच्या दारावरून जातांना आम्हांस त्यांच्या ज्येष्ठ पुत्राचेंहि स्मरण होतें. पित्यानें स्त्रीस विद्या दिली. पुत्र रघुनाथराव यांनीं तिला स्वतःच्या देहाचें ज्ञान द्यावें म्हणून प्राध्यापकी गमावली, आणि 1927 पासून 1953 मध्यें मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. त्यांचा भर गर्भ राहूं न देण्यावर होता. परंतु नको असतां राहिलेल्या गर्भाचें काय, हा प्रश्न त्याहून जुना आहे.

1860 च्या दंडविधानानें, आईचा जीव वांचविण्यासाठीं केलेला सोडून, गर्भपात गुन्हा ठरविला. स्वतः स्त्रीहि त्यांत दोषी. उपाय मात्र चोरून होतच राहिले. चित्रकाच्या मुळीसारखीं दाहक द्रव्यें वापरलीं जात, आणि गर्भाबरोबर आईहि जाई. ज्या विधवेस तेंहि साधत नसे, तिच्यापुढें बालहत्या किंवा विहीर उरे. ज्योतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं 1863 सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें तें याच कारणानें.

पुढें शतकभर कायदा तसाच राहिला. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं 1964 मध्यें समिति बसली, आणि 1971 च्या कायद्यानें मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून गर्भपात करून घेण्यास मुभा मिळाली. पण त्या काळीं त्याचा मार्ग म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रिया.

औषधाचा मार्ग फ्रान्समधून आला. तेथें 1980 सालीं मिफेप्रिस्टोन तयार झालें. भारतांत त्यास 2002 सालीं परवानगी मिळाली. गर्भ टिकविणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची क्रिया तें रोखतें. मूळचें जठरव्रणाचें औषध असलेलें मिसोप्रोस्टॉल गर्भाशयास आकुंचन आणतें. पहिलें एकटें बहुधा अपुरें पडतें. दुसरें एकटें उपयोगी पडतें, पण अपयश अधिक. कर्करोगावरील मेथोट्रेक्सेटहि मिसोप्रोस्टॉलबरोबर वापरून पाहिलें गेलें. त्यास कधीं कधीं आठवडे लागतात. पहिल्या दोन औषधांची जोडी मात्र, एक-दोन दिवसांच्या अंतरानें घेतल्यास, नऊ आठवड्यांपर्यंत शंभरांत सुमारें पंचाण्णव वेळां यशस्वी होते. म्हणूनच ती श्रेष्ठ गणली गेली. तथापि गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असल्यास ती निरुपयोगी, आणि तेथें विलंब प्राणघातक. अतिरिक्त रक्तस्राव झाल्यासहि तत्काळ डॉक्टर गांठलाच पाहिजे. तपासणीची आवश्यकता ती यासाठीं.

आतां आमच्या वाचकांस विचारावयाचें तें एवढेंच: औषध मिळालें, कायदाहि मिळाला, 2021 च्या दुरुस्तीनें त्या स्त्रीचें नांव गुप्त राखणें बंधनकारक झालें, 2022 सालीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहितेसहि विवाहितेप्रमाणेंच हक्क दिला. मग आपल्या घरांतील मुलगी अजून तोंड लपवून औषधाच्या दुकानीं कां जाते? चित्रकाची मुळी गेली. तिच्यामागची लज्जा राहिली. आई-बापांनीं घरांत हा विषय उघडपणें बोलावयास आरंभ केला, तर ती मुलगी दुकानाआधीं आईकडे येईल, आणि आई तिला घेऊन डॉक्टरांकडे जाईल. या सर्व इतिहासाचें फळ आम्हांस तेंच वाटतें.