बारा रुपयांचा मास्तर आणि व्याजावरची पदवी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला एक निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाची पोरं शिकतात, हा त्यातला मुद्दा आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. त्याच निवेदनातला एक आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो आकडा आहे १२ रुपये. प्राथमिक शाळेच्या मास्तराला महिन्याला यापेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असं फुल्यांनी लिहिलं. मास्तर प्रशिक्षित हवा आणि शक्यतो शेतकरी जातींतला हवा, हेही सांगितलं. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदणं, पोस्ट सांभाळणं, स्टॅम्प विकणं अशी कामं त्याला जोडून दिली तर त्याची मिळकत आणि वजन दोन्ही वाढेल, असाही उपाय सुचवला.

फुल्यांना कळलेली गोष्ट साधी होती. शिक्षक कसा घडेल हा प्रश्न जितका शिकवण्याचा, तितकाच पैशाचा. आज डी.एल.एड. किंवा बी.एड.चा फॉर्म भरायचा की नाही, या विचारात असलेल्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न आहे. बदललंय ते एवढंच, की ट्रेनिंगचा खर्च कोणाच्या खिशातून जातो.

बॉण्ड उलटा होता तेव्हा

इंग्रजी अमदानीत मराठी शाळांसाठी मास्तर तयार करायला सरकारी नॉर्मल स्कूल आणि ट्रेनिंग कॉलेजं निघाली. निवड झालेल्या उमेदवाराला तिथं दरमहा विद्यावेतन मिळे. बदल्यात ठरावीक वर्षं सरकारी शाळेत नोकरी करीन, असा करार त्याला लिहून द्यावा लागे. म्हणजे पैसा सरकारचा आणि देणं मास्तराचं, आणि ते देणं नोकरी करून फेडायचं. शिकून झाल्यावर नोकरी मिळेल का, हा घोर त्याला नव्हता. उलट तो नोकरी सोडून पळेल की काय, हा घोर सरकारला होता.

याला सोन्याचे दिवस म्हणायचं कारण नाही. ट्रेनिंगपर्यंत पोचायला आधी शाळा शिकलेली असावी लागे, आणि ती संधी मोजक्या जातींनाच होती. फुल्यांचा आक्षेप नेमका हाच होता. पगारही तुटपुंजाच. पण जोखीम कोणाच्या डोक्यावर होती, हे पाहिलं तर ती सरकारच्या डोक्यावर होती.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हे गणित फार बिघडलं नाही. फायनल पास, पी.टी.सी., मग दहावीनंतरचं आणि पुढे बारावीनंतरचं डी.एड., अशी नावं बदलत गेली. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा निघत गेल्या आणि मास्तरांची गरज वाढत गेली. अध्यापक विद्यालयं थोडी, जागा मोजक्या. प्रवेश मिळणं अवघड, पण मिळाला की नोकरी जवळपास ठरलेली. घरच्यांना सोसावा लागे तो दोन वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च आणि तेवढ्या काळाची बुडालेली मजुरी. कोरडवाहू शेती असलेल्या कितीतरी घरांत पगाराचा पहिला माणूस आला तो याच वाटेनं. ‘डी.एड. झालेली मुलगी’ हे लग्नाच्या बाजारात वजनदार विशेषण झालं, तेही याच भरवशावर.

जागा वाढल्या, भरवसा आटला

१९८०च्या दशकात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. इंजिनिअरिंगला यंत्रं लागतात, मेडिकलला हॉस्पिटल लागतं. अध्यापक विद्यालयाला एक इमारत, थोडे प्राध्यापक आणि सरावपाठासाठी शेजारची शाळा पुरते. मागणी तर होतीच. २०००नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचं अमाप पीक आलं. शेवटी २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातूनच २०११ साली न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती घेणारा हा आयोग मुळात महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या भांडणातून जन्मला, हे आपल्याकडे फारसं आठवलं जात नाही.

इकडे कॉलेजं वाढत होती आणि तिकडे नोकरीची सुरुवात स्वस्त केली जात होती. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला ५,०००. काम मात्र पूर्णवेळ शिक्षकाचंच. पुढे १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शनही गेली. ‘सरकारी नोकरी’ या शब्दामागे आईवडिलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र होतं, त्याचा एकेक तुकडा गळत होता. फी भरताना मात्र हिशेब जुन्याच चित्रावर होत होता.

मग ऑक्टोबर २०११ आला. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची हजारो मुलं वर्गात नसल्याचं उघड झालं. पट घटला, तसे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. मे २०१२मध्ये शिक्षकभरती थांबवण्यात आली. त्या उन्हाळ्यात हजारो मुलंमुली डी.एड.ची शेवटची परीक्षा देऊन घरी आली होती.

वाट पाहण्याचं व्याज

इथं एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, पण कुठल्याही तालुक्यात खरे वाटतील असेच.

समजा, फी आणि राहणं-खाणं मिळून घरच्यांनी एक लाख रुपये उभे केले. बँकेच्या कागदपत्रांत न पडता पतसंस्थेतून, किंवा पाटल्या गहाण ठेवून. व्याज वर्षाला १२ टक्के. मुलगी २०१२ साली पास झाली. डिसेंबर २०१३मध्ये राज्यात पहिली टीईटी झाली, तीही तिनं काढली. भरती नाहीच. २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. पहिल्या नेमणुका निघाल्या २०१९मध्ये. सात वर्षं गेली. मधल्या काळात काहीच फेडता आलं नसेल, तर चक्रवाढीनं त्या एका लाखाचे दोन लाख एकवीस हजार झालेले असतात.

तिला नेमणूक मिळाली असं धरू. तोवर प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन ६,००० झालं होतं. तीन वर्षांचं सगळं मानधन, एक रुपयाही न खाता बाजूला ठेवलं तरी दोन लाख सोळा हजार होतात. म्हणजे पदवीसाठी काढलेलं कर्ज, नोकरी लागल्यावरच्या पहिल्या तीन वर्षांच्या सगळ्या कमाईतूनही फिटत नाही. आणि हा हिशेब नेमणूक मिळालेल्या, म्हणजे नशीबवान मुलीचा आहे.

तीन वर्षं संपली की चित्र पालटतं, हेही खरं. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं. २०२३ पासून शिक्षणसेवकाचं मानधनही १६,००० ते २०,००० झालं. तिथवर पोचलेल्याला डी.एड. फळलं, यात शंका नाही. गावातला शिक्षक दाखवून ‘बघ, त्याचं कसं भलं झालं’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. फक्त ते पोचलेल्याकडे बोट दाखवतात. वाटेत राहिलेला दुसऱ्याच कामाला लागलेला असतो, तो शिक्षक म्हणून दिसतच नाही. कुणी इंग्रजी शाळेत मिळेल त्या पगारावर शिकवतो, कुणी तासिका तत्त्वावर तासांचे पैसे मोजतो, कुणी विनाअनुदानित शाळेत ‘उद्या अनुदान येईल’ म्हणून वर्षानुवर्षं थांबतो.

बी.एड.ची गोष्ट वेगळी नाही. २०१५ पासून हा कोर्स एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला. म्हणजे खर्च वाढला आणि कमाईचं एक वर्ष गेलं. २०१८ साली बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते दार बंद झालं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पासून चार वर्षांचा एकात्मिक कोर्स ही किमान अट व्हायची आहे. नियम असे कोर्स चालू असताना बदलतात, कर्जाचा हप्ता मात्र बदलत नाही.

हिशेब कसा मांडायचा?

आपण साधारणपणे फी एका बाजूला आणि पगार दुसऱ्या बाजूला ठेवतो. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास सांगतो, की या दोघांच्या मध्ये तिसरा आकडा असतो, आणि तोच सगळं ठरवतो. तो म्हणजे वाट पाहण्याची वर्षं. फी किती आणि पगार किती हे विचारण्याआधी विचारायला हवं : मागची भरती कधी झाली, त्याआधीची कधी? माझ्या विषयाच्या आणि माझ्या प्रवर्गाच्या जागा किती निघाल्या? शिष्यवृत्तीनं फीचा किती भार उचलला जाईल? आणि पाच वर्षं काहीच मिळालं नाही, तर हप्ता कशातून भरणार? या शेवटच्या प्रश्नाला घरात उत्तर असेल, तर शिक्षक व्हायची हौस जरूर पुरी करावी. उत्तर नसेल, तर आधी ते शोधावं.

पण सगळा हिशेब विद्यार्थ्यावरच ढकलणंही बरोबर नाही. अठरा वर्षांच्या मुलीला दहा वर्षांनंतरची संचमान्यता कळत नाही. ती कळू शकते ते सरकारला. किती शिक्षक निवृत्त होणार, किती मुलं शाळेत येणार, कॉलेजात किती जागा आहेत, हे सगळे आकडे त्याच्याकडेच असतात. जुन्या काळी सरकार आपल्या खर्चानं मास्तर तयार करी, म्हणून लागतील तेवढेच करी. खर्च घरच्यांवर गेला आणि मोजणी करायची गरजच सरकारला उरली नाही.

फुल्यांनी १२ रुपये मागितले, ते मास्तराला सन्मानानं जगता यावं म्हणून. तो मास्तर शाळेत पाऊल ठेवण्याआधीच कर्जात असेल, ही शक्यता त्यांच्या निवेदनात नाही. ट्रेनिंगचा खर्च ज्याला शिक्षक हवेत त्यानं करायचा, हे तेव्हा कुणी लिहून मागावं असं वाटण्याइतकंही वादाचं नव्हतं.