तळटीप : स्टार्टिंग पिचरची पारख

* लेखकाने इथे ‘विजय’ हा रकाना सरळ बाजूला ठेवला आहे. त्याचे कारण क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी सांगायला हवे. फँटसी बेसबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधतो आणि मोसमातल्या त्यांच्या प्रत्यक्ष आकड्यांवर गुण कमावतो. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावर विजय लागायचा तर त्याने निदान पाच डाव टाकायला हवेत, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. यातले फारच थोडे त्याच्या हाती असते. २०१८ साली न्यू यॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २१७ डावांत २६९ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खाती लागलेल्या धावा, अवघ्या १.७०. तरी विजय १० आणि पराभव ९! लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि तो रास्तच होता. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन याने २००१ मध्ये मांडले, की मैदानात टोलवलेल्या चेंडूचे पुढे काय होते यावर पिचरचा ताबा फार कमी असतो. स्ट्राइकआउट, वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फलंदाजाला मिळणारा पहिला तळ) आणि होमरन हाच त्याचा स्वतःचा हिशेब. म्हणून ईआरएच्याही आधी स्ट्राइकआउट आणि वॉक यांतली तफावत पाहावी. मैदानही पाहावे : डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर, सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, चेंडू लांब जातो आणि वळतोही कमी. तिथे सामना असेल तर चांगल्या पिचरलाही त्या दिवसापुरते बसवलेले बरे. — संपा.