'मॅनहॅटन मॅडनेस'

'मॅनहॅटन मॅडनेस' (१९१९) : हा मूकपट प्रत्यक्षात निघालाच नाही, तो 'द सिम्पसन्स' मालिकेच्या १९९६ मधील 'द डे द व्हायोलन्स डाइड' या भागासाठी रचलेला आहे. कथेत इची या कार्टून-उंदराचा खरा जनक चेस्टर लॅम्पविक. श्रेय आणि पैसा मात्र स्टुडिओमालक रॉजर मायर्सने लाटला. पुरावा ठरणारी चित्रपटाची प्रत प्रोजेक्टरवरच जळते. खटल्याचा निकाल लागतो तो एका जुन्या चित्रावर लॅम्पविकने मायर्सला उद्देशून लिहिलेल्या ओळींमुळे. त्या काळच्या नायट्रेट फिती खरोखरच चटकन पेट घेत. १९१९ मध्येच अवतरलेल्या फेलिक्स या कार्टून-मांजराचे श्रेयही दीर्घकाळ स्टुडिओमालक पॅट सलिव्हन यांना मिळाले. ते रेखाटणारे चित्रकार ऑटो मेस्मर यांचे नाव पुढे यायला कित्येक दशके लागली. लॅम्पविकची कैफियत म्हणूनच केवळ विनोद समजून सोडून देऊ नये.