जुन्या वृत्तपत्रांतील निधनवार्ता : देवणी परिसरातील कुटुंबेतिहासाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना

१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. घरोघरीच्या दप्तरांचा शोध हा महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा पाया आहे, ही जाणीव त्यानंतर दृढ होत गेली. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि या कार्यास संस्थात्मक रूप प्राप्त झाले. देशमुख, देशपांडे, इनामदार, सरदार यांच्या घरांतील कागद या प्रयत्नांतून उजेडात आले. परंतु ज्या घरांत दप्तरच नव्हते, अशा कुळवाडी, कारागीर, मजूर व लहान व्यापारी कुटुंबांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहिला. मराठवाड्यासारख्या प्रदेशात तो अधिक तीव्रतेने जाणवतो.

या प्रश्नाचे एक आंशिक उत्तर जुन्या वृत्तपत्रांच्या आतील पानांवर आहे. ‘निधनवार्ता’ किंवा ‘शोकवार्ता’ या मथळ्याखाली येणारा चार-पाच ओळींचा मजकूर ही बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांची छापील स्वरूपातील एकमेव नोंद असते. प्रस्तुत लेखात देवणी व परिसराच्या संदर्भात या साधनाचे मूल्य, त्याच्या मर्यादा आणि त्याच्या जतनाचा मार्ग यांचा विचार केला आहे.

देवणी परिसर आणि नोंदींचे विखुरलेपण

देवणी हे नाव देशभर प्रसिद्ध आहे ते येथील गोवंशामुळे. या परिसराचा प्रशासकीय इतिहास मात्र कुटुंबेतिहासाच्या अभ्यासकाची कसोटी पाहणारा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदरमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यास जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९९ मध्ये देवणी हा स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे देवणीतील एकाच घरातील चार पिढ्यांचे कागद बिदर, उस्मानाबाद, लातूर अशा तीन जिल्ह्यांच्या आणि उदगीर, देवणी अशा दोन तालुक्यांच्या नावांनी सापडतात. घर जागचे हलले नाही, पत्ता मात्र बदलत गेला.

त्यात भाषा व कालगणना यांची भर पडते. निजामकालीन महसुली कागद उर्दू, फारसी व मोडीत आहेत, आणि त्यांवरील वर्ष फसली आहे. हैदराबादी फसली सनात ५९० मिळविले असता ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. फसली वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात होत असल्याने पुढील सुमारे नऊ महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबाद मुक्तीचा काळ १३५७ फसलीत येतो, तो यामुळेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीच्या नोंदी गाव नमुना क्रमांक १४ सारख्या गावपातळीवरील वह्यांत आहेत आणि त्यांचे जतन सर्वत्र सारखे झालेले नाही.

तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्या आणि सीमाभागात घरोघर फिरून वंशावळ सांगणारे हेळवी ही आपल्याकडील कुटुंबस्मृतीची परंपरागत साधने होत. ती मौल्यवान आहेत, परंतु त्यांत प्रामुख्याने पुरुषांची नावे येतात, मृत्यूची तारीख क्वचितच येते. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी ‘कुलवृत्तांत’ प्रसिद्ध केले. मात्र ती परंपरा मुख्यतः कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील साक्षर घराण्यांची आहे. देवणीच्या शेतकऱ्याचा कुलवृत्तांत कोणी छापला नाही.

मराठवाड्यातील वृत्तपत्रे आणि निधनवार्ता

हैदराबाद संस्थानात वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रास वारंवार बंदीस तोंड द्यावे लागले व ते निरनिराळ्या नावांनी काढावे लागले. त्यामुळे या काळातील अंक शोधताना एकाच पत्राचा माग अनेक नावांखाली घ्यावा लागतो. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठवाडा’ हे विभागाचे प्रमुख दैनिक बनले. ते पत्र आता बंद झाले आहे. नांदेडचे ‘प्रजावाणी’ व ‘गोदातीर समाचार’, लातूरचे ‘एकमत’, तसेच १९८२ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून निघू लागलेली ‘लोकमत’ची आवृत्ती यांनी विभागाच्या वृत्तपत्रसृष्टीत भर घातली. जिल्हा पाने व तालुका वार्ताहरांचे जाळे विस्तारत गेले, तशी गावोगावच्या सामान्य माणसाच्या मृत्यूला छापील जागा मिळू लागली. हैदराबादेत १९४९ मध्ये निघालेल्या ‘सियासत’सारख्या उर्दू दैनिकांचाही या संदर्भात विचार करणे आवश्यक आहे, कारण या परिसराचा बिदर-हैदराबादशी असलेला संबंध १९५६ नंतरही तुटला नाही.

निधनवार्तेचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. मृताचे नाव, गाव, वय, निधनाचा दिवस, अंत्यसंस्काराचे ठिकाण आणि अखेरीस ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य. ते मुख्याध्यापकांचे वडील, सरपंचांचे मामा वा अमुक दुकानदाराचे सासरे होते, असा उल्लेखही बहुधा असतो. वाचकाला मृताची ओळख पटावी म्हणून दिलेला हा तपशील अभ्यासकाला नातेसंबंधांचा पट उपलब्ध करून देतो. सोयऱ्यांच्या गावांची नावे एकत्र केल्यास उदगीर, भालकी, औराद, बिदर या भागांतील रोटी-बेटी व्यवहाराचा नकाशा काढता येईल. १९५६ मध्ये आखलेली राज्याची सीमा सोयरिकीच्या सीमेशी कितपत जुळली, हा प्रश्न अशा नकाशावरून तपासता येईल.

शब्दांतील साक्ष

निधनवार्तेतील रूढ शब्दही बारकाईने वाचले पाहिजेत. ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, ‘लिंगैक्य’, ‘पैगंबरवासी’, ‘कालकथित’ हे शब्द एकाच घटनेचे वाचक असले तरी त्यांतून कुटुंबाची श्रद्धा व सामाजिक ओळख प्रकट होते. एखाद्या घरात आजोबांसाठी एक शब्द व नातवासाठी दुसरा आढळला, तर मधल्या काळातील धार्मिक वा वैचारिक परिवर्तनाची ती खूण असू शकते. ‘ह.भ.प.’ या उपाधीवरून वारकरी परंपरेशी असलेला संबंध समजतो.

‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ या उपपदांवरून स्त्रीच्या मृत्युसमयी तिचा पती हयात होता किंवा नाही, हे कळते. ‘गं. भा.’ या शब्दामागील विधवेला वेगळे काढणारी दृष्टी आज त्याज्य मानली जाते व ते योग्यच आहे. तथापि जुन्या अंकातील तो शब्द सूचीत बदलू नये, कारण पतीच्या मृत्यूची वरची कालमर्यादा त्यावरून ठरते. मराठवाड्यातील कागदांत आढळणारी ‘पि.’ (पिता) व ‘भ्र.’ (भ्रतार) ही संक्षेपरूपेही अशीच महत्त्वाची होत. ‘भ्र.’ पुढील नाव पतीचे असते. ते वडिलांचे समजले गेल्यास संपूर्ण वंशावळ चुकते.

साधनाच्या मर्यादा

कोणत्याही साधनाप्रमाणे निधनवार्ता चिकित्सेशिवाय स्वीकारता येत नाही. वय बहुधा अंदाजाने दिलेले असते. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी अशा ठोकळ आकड्यांवरून जन्मवर्ष निश्चित करणे धोक्याचे ठरते. गावाहून बातमी पोहोचून छापली जाण्यास काही दिवस लागत. त्यामुळे ‘काल’ किंवा ‘सोमवारी’ हा उल्लेख अंकाच्या तारखेवरून न मोजता बातमीच्या आरंभी दिलेल्या दिनांकावरून मोजावा लागतो. नावांच्या लेखनातही एकरूपता नसते.

याहून गंभीर मर्यादा सामाजिक आहे. वार्ताहरापर्यंत बातमी कोणाची पोहोचत असे? ज्यांच्या घरात शिक्षक, पुढारी, दुकानदार वा नोकरदार होता, त्यांची. भूमिहीन मजूर, दलित, भटके समाज यांचे मृत्यू छापील पानावर क्वचितच येत. मुलींची संख्या दिली जाते, नावे दिली जात नाहीत; मृत स्त्रीचे माहेर तर अनेकदा वगळलेले असते. म्हणून निधनवार्तांवरून समाजाची गणना करू नये. कोणाची वार्ता आली याबरोबरच कोणाची आली नाही, ही नोंद करणे हेही इतिहासकाराचे काम आहे.

आजचा संदर्भ

हा विषय केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीची घरे कोसळली. घरातील कागद, छायाचित्रे आणि ती ओळखू शकणारी वडीलधारी माणसे एकाच वेळी गेली. अशा कुटुंबांच्या पूर्वीच्या पिढीची खूण घराबाहेर छापलेल्या मजकुरातच उरण्याची शक्यता अधिक.

दुसरा संदर्भ अलीकडचा आहे. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासननिर्णय निघाला. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु यानिमित्ताने असंख्य सामान्य कुटुंबांना पणजोबांचे नाव, त्यांचे गाव व त्यांचे भाऊबंद यांचा शोध घ्यावा लागला, ही वस्तुस्थिती आहे. निधनवार्ता ही मृत्युनोंदीची वा महसुली अभिलेखाची जागा घेऊ शकत नाही. तिचे कार्य दिशा दाखविण्याचे आहे. कोणत्या गावच्या, कोणत्या वर्षाच्या वहीत शोध घ्यावा, हे ती सांगते. नाव, गाव आणि अदमासे वर्ष हाती नसेल तर अभिलेखागारात शोध कोठून सुरू करावा, हेच कळत नाही.

जतनाचा मार्ग

१९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमात १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचा समावेश झाला. प्रकाशकांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या निवडक ग्रंथालयांना अंक पाठवावेत, अशी त्यात तरतूद आहे. परंतु जिल्हा पुरवणी व तालुका पाने यांच्या जतनासाठी केवळ दूरच्या महानगरांवर विसंबून राहणे योग्य नाही. गावातील वाचनालये व महाविद्यालये यांच्याकडील जुने अंक जागेअभावी रद्दीत जातात. वृत्तपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा असल्याने त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो व ठिसूळ होतो. मराठवाड्यातील उन्हाळा ही प्रक्रिया वेगवान करतो. कात्रणांना चिकटपट्टी लावणे वा त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण चढविणे हे उपाय हानिकारक आहेत. अंक सपाट, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे घ्यावीत.

केवळ छायाचित्रे घेऊन भागत नाही. युनिकोडपूर्व काळातील मराठी संगणकीय अंकांत शब्दशोध नीट होत नाही. म्हणून हाताने सूची करणे अपरिहार्य आहे. मृताचे नाव मूळ लेखनानुसार, गाव, त्या वेळचा तालुका व जिल्हा, वय, निधनाची तारीख, अंकाचे नाव, तारीख व पृष्ठ, आणि उल्लेखिलेले नातेवाईक एवढे रकाने पुरेसे आहेत. हे काम पदवीस्तरावरील विद्यार्थी प्रकल्प म्हणून करू शकतात. इंग्लंडमध्ये विल्यम मसग्रेव्ह यांनी अठराव्या शतकात नियतकालिके व इतर छापील साधनांतून केलेली मृत्युवार्तांची सूची १८९९ ते १९०१ या काळात सहा खंडांत छापली गेली आणि पुढील अभ्यासकांना उपयोगी पडली. एका व्यक्तीने एकट्याने आरंभिलेले काम शतकानंतरही कसे उपयोगी पडते, याचा हा दाखला होय.

येथे दोन पथ्ये पाळावीत. अलीकडच्या वार्तांत हयात व्यक्तींची नावे असतात. त्यामुळे त्या सर्वांसाठी खुल्या न ठेवता संबंधित कुटुंबास व अभ्यासकास मागणीनुसार दाखवाव्यात. स्वामित्वहक्काचा विचार करून संपूर्ण पाने प्रसिद्ध करण्याऐवजी सूची प्रसिद्ध करावी.

निष्कर्ष

निधनवार्ता हे दुय्यम, अपूर्ण व सामाजिकदृष्ट्या एकांगी साधन आहे. तथापि ज्या कुटुंबांनी दप्तरे राखली नाहीत, त्यांची नाती त्यांच्याच शब्दांत नोंदविणारे दुसरे छापील साधन आपल्या परिसरात क्वचितच आढळते. आता हा मजकूर वृत्तपत्रांतून चौकातील फलकांवर व भ्रमणध्वनीवरील संदेशांत जात आहे. फलक काही दिवसांत उतरतो, संदेश पुसला जातो. म्हणजे जुने अंक रद्दीत जात असतानाच नव्या नोंदीही अल्पजीवी होत आहेत.

अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांवर विशेष जबाबदारी येते. इतिहास, मराठी, उर्दू, समाजशास्त्र व ग्रंथालय हे विभाग एकत्र आल्यास मोठ्या निधीवाचूनही हे काम आरंभिता येईल. उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटत आहे. जुन्या नावांची ओळख सांगणारी वृद्ध मंडळीही फार काळ आपल्यात असणार नाहीत. आपल्याच ग्रंथालयातील जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दीसाठी काढण्यापूर्वी एकदा उघडून त्यांची यादी करणे, हे या कामाचे पहिले पाऊल होय.