सुरी आणि दही

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बद्धकोष्ठाची मोठी धास्ती पसरली होती. आतड्यात साचलेला मल कुजून त्याचे विष रक्तात भिनते, असे विद्वानही मानीत. लंडनचे शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन तर अशा रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत. कित्येक रोगी त्यात दगावले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेच्निकॉव्ह यांनाही ते आतडे निरुपयोगीच वाटे. परंतु त्यांनी सुरीऐवजी दही सुचविले. १९०५ च्या सुमारास ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनीव्हात दह्यातील जंतू शोधला होता. त्याच्या आम्लाने कुजण्यास आळा बसेल, अशी मेच्निकॉव्ह यांची अपेक्षा होती. लवकरच त्या जंतूच्या गोळ्या बाजारात आल्या.

१९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर अल्व्हारेझ यांनी साधाच प्रश्न केला: शौचास होताच डोकेदुखी थांबते, विष रक्तात असते, तर ते इतक्या त्वरेने उतरते कसे? पुढे येल विद्यापीठात रेटगर यांना तो जंतू आतड्यात तगत नसल्याचे आढळले. घरोघरी दही विरजणाऱ्या आपल्या देशातही बद्धकोष्ठाने पाठ सोडलेली नाहीच!

सिद्धांत लोपला, गोळ्या मात्र राहिल्या. आजच्या गोळ्यांतील जंतू निराळे आहेत. बिफिडोबॅक्टेरियमच्या काही वाणांनी प्रौढ रोग्यांस थोडा गुण आल्याचे काही चाचण्यांत दिसते, काहींत दिसत नाही.