मिरपुडीचे ठिपके : रेशीमकिड्यांचा रोग आणि लुई पाश्चर

दिवाळी आली किंवा घरात लग्न निघालं, की इथेही आपण जपून ठेवलेली पैठणी बाहेर काढतो. आज गोष्ट ऐकू या त्या रेशमाच्या किड्याची, आणि त्याला झालेल्या एका रोगाची.

दक्षिण फ्रान्समध्ये सेव्हेन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले लोक तुतीला ‘सोन्याचं झाड’ म्हणत. वसंत ऋतूत बायका रेशीमकिड्यांची अंडी छोट्या पिशवीत घालून अंगावर, कपड्यांच्या आत बाळगत. अंगाच्या उबेनं अळ्या बाहेर पडत. मग महिनाभर सगळं घर तुतीचा पाला तोडण्यात आणि अळ्यांना खाऊ घालण्यात गुंतलेलं असे. वर्षाचा रोख पैसा त्या एका महिन्यातून येई.

१८५० नंतर मात्र घरोघरी अळ्या मरू लागल्या. अंगावर काळे ठिपके पडत, जणू मिरपूड भुरभुरली आहे. तिथल्या बोलीत मिरीला ‘पेब्रे’ म्हणतात, म्हणून रोगाचं नाव पडलं पेब्रिन. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन कोष निघाले होते; १८६५ साली ते जेमतेम ४,००० टनांवर आले. लोकांनी गंधकाची धुरी दिली, नाना औषधं शिंपडली. उपयोग झाला नाही.

१८६५ साली रसायनशास्त्रज्ञ द्युमा यांनी आपले शिष्य लुई पाश्चर यांना गळ घातली. द्युमा मूळचे याच भागातल्या आलेस गावचे. पाश्चरांनी तोवर रेशीमकिडा हातातही धरला नव्हता. कीटकतज्ज्ञ फाब्र यांनी पुढे लिहून ठेवलंय, की पाश्चरांनी कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काही आहे का, असं विचारलं!

आलेसला पोचल्यावर काही दिवसांतच पाश्चरांचे वडील वारले. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसील विषमज्वरानं गेली. तरी ते दर वर्षी अळ्यांच्या हंगामात तिथे जात राहिले. पत्नी मारीही अळ्या सांभाळायला मदत करत.

सुरुवातीला पाश्चर चुकलेही. रोगट किड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली जे बारीक चकचकीत कण दिसत, ते रोगाचं कारण नसून लक्षण आहे, असं त्यांचं मत होतं. पुढे प्रयोगांत दिसलं, की कण लावलेला पाला खाल्ला की निरोगी अळीही आजारी पडते. पाश्चरांनी मत बदललं.

मग उपाय काय? आजारी अळीला वाचवणारं औषध नव्हतंच. पण रोग आईकडून अंड्यांत उतरतो, हे ध्यानात आलं होतं. म्हणून प्रत्येक मादी पतंगाला कापडाच्या वेगळ्या तुकड्यावर अंडी घालू द्यायची. नंतर ती मादी खलात पाण्यासोबत कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. कण दिसले तर अंडी जाळायची, नाही दिसले तर ठेवायची.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून १८६६ साली त्यांनी अंड्यांच्या चौदा गटांचं भाकीत लिहून बंद पाकिटात एका गावच्या महापौरांकडे ठेवलं. पुढच्या हंगामानंतर पाकीट उघडलं, तर चौदापैकी बारा भाकितं खरी ठरली होती.

दरम्यान फ्लॅचरी हा दुसरा रोग वेगळा ओळखू आला. तिथे स्वच्छता, हवेशीर जागा आणि कोरडा, ताजा पाला यांवर भर द्यावा लागला. ऑक्टोबर १८६८ मध्ये पक्षाघातानं पाश्चरांची डावी बाजू लुळी पडली. तरी काही महिन्यांत ते पुन्हा अळ्यांपाशी हजर होते. १८७० साली त्यांचा ग्रंथ आला.

सेव्हेनचं जुनं वैभव काही परतलं नाही. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि आशियातलं स्वस्त रेशीम युरोपात आणखी सहज पोचू लागलं. पद्धत मात्र टिकली. भारतातल्या अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही मादी पतंग तपासला जातो. मराठवाड्यातला शेतकरी ‘रोगमुक्त अंडीपुंज’ विकत घेतो, त्यातला ‘रोगमुक्त’ हा शब्द त्या तपासणीतून आला. पुढची राखण त्याच्या हाती: संगोपनगृह ब्लीचिंग पावडरनं निर्जंतुक करायचं, अळ्यांवर चुना भुरभुरायचा, उझी माशी आत येऊ नये म्हणून जाळी लावायची.

मुलांनी पैठणीला हात लावून विचारलं, की हे रेशीम येतं कुठून, तर तुतीच्या पाल्याबरोबर त्या तपासणीचीही गोष्ट सांगा.